हट्टी मूल आणि आडवा ठोकळा

आज दुपारभर निरीक्षणवह्या वाचत होते. बालशिक्षणाच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाची ही मुलं-मुली पहिल्यांदाच शिशुवर्गात बसून आली आहेत. काम साधं होतं. एका मुलाकडे दहा मिनिटं बघायचं आणि जे दिसेल तेवढंच लिहायचं. पण बहुतेक वह्यांत पहिल्याच ओळीला निकाल लागलेला. ‘मूल हट्टी आहे.’ ‘लाजाळू आहे.’ ‘लक्ष लागत नाही.’ यांना मी दोष देत नाही. ती स्वतःही अशाच शेऱ्यांखाली वाढली आहेत.

एकाच मुलीबद्दल दोघींनी लिहिलं होतं. एकीनं लिहिलं, ‘हट्टी, सांगितलेलं ऐकत नाही.’ दुसरीनं लिहिलं, ‘तिनं उभ्या ठोकळ्यावर दुसरा ठेवला. पडला. पुन्हा ठेवला. पडला. खालचा ठोकळा आडवा केला. आता वरचा टिकला. तिनं तिसरा उचलला, तेवढ्यात ताई म्हणाल्या, आवरा. तिनं ठोकळा सोडला नाही.’ बस, एवढंच. ही नोंद वाचताना मला फार आनंद झाला. पाया रुंद असला की वरचं टिकतं, हे त्या चिमुरडीनं स्वतःच्या हातांनी शोधलं होतं आणि लगेच तपासून बघायला निघाली होती. पहिल्या वहीत हे सगळं एका विशेषणाखाली दडपलं गेलं. दोन्ही नोंदी उद्या नावं न सांगता वर्गात वाचणार आहे.

मागच्या आठवड्यात मुलं विचार कसा करतात याचा अभ्यास करणारा स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे शिकवला. सारख्या संख्येच्या सोंगट्यांच्या दोन ओळी मांडायच्या, एक ओळ पसरून लांब करायची आणि विचारायचं, आता कुठे जास्त? चार-पाच वर्षांची बरीच मुलं लांब ओळीकडे बोट दाखवतात. एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण १९७०च्या दशकात मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन या मानसशास्त्रज्ञांनी तीच ओळ एका खोडकर टेडीकडून विस्कटवली, तेव्हा कितीतरी जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. मोठ्या माणसानं मुद्दाम काही हलवलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला की मुलाला वाटतं, उत्तर बदलायला हवं असणार. हे सांगितल्यावर वर्ग चमकला. एक विद्यार्थी म्हणाला, “मॅडम, म्हणजे मूल सोंगट्या नाही, आपल्याला वाचत होतं.” किती नेमकं बोलला!

अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांचं कामही त्याच तासाला आलं. शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम सेकंदभर थांबतात, असं त्यांना आढळलं. ही वाट तीन सेकंदांवर नेली, तर मुलांची उत्तरं लांबतात आणि गप्प बसणारीही बोलू लागतात. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. वर्गात उभं राहून थांबून बघितल्यावर कळतं, केवढा काळ असतो तो. म्हणून सराव पाठाच्या वेळी मी विद्यार्थ्यांची तक्तेसजावट नंतर बघते, आधी त्यांचं थांबणं बघते. माझ्या तासालाही हाच नियम. प्रश्न टाकल्यावर मी बोलत नाही. मोठी मुलंसुद्धा आधी चुळबुळतात, मग बोलतात, आणि चांगलं बोलतात.

इतिहासाच्या पेपरात फ्रोबेल यांची पहिली बालवाडी १८३७, माँटेसरी यांचं पहिलं बालगृह १९०७ अशी सालं सगळे बिनचूक लिहितात. ती यायलाच हवीत. पण माँटेसरी मुळात डॉक्टर होत्या. रोममधल्या सान लोरेंझो वस्तीतल्या त्या पहिल्या बालगृहात मुलं साहित्य कसं हाताळतात हे बारकाईनं बघत त्यांची पद्धत घडली. हा भाग कुणी पाच गुणांसाठी लिहीत नाही.

गुणांवरून आठवलं. आमच्याकडे निरीक्षणवहीला दहा गुण आहेत आणि शैक्षणिक साधनं तयार करण्याला तीस. कार्डबोर्डची सुंदर फुलपाखरं करणारी मुलं खूप मेहनत घेतात, त्यांचं श्रेय त्यांना मिळायलाच हवं. पण लहान मुलांबरोबर आयुष्य काढणाऱ्या माणसाला मूल दिसत नसेल, तर ते फुलपाखरू कुणासाठी? शुक्रवारी अभ्यास मंडळाची बैठक आहे. वहीला तीस गुण मागणार आहे, आणि ती ठोकळ्यांची नोंद त्या विद्यार्थिनीच्या परवानगीनं सोबत नेणार आहे.