अ‍ॅम्प कमी पडत नव्हता

‘अ‍ॅम्प कमी पडतोय, मॅडम.’ हे वाक्य मी महिन्याभरात तीन वेळा ऐकलं. एकाच दुकानात, एकाच फिटरकडून, आणि तिन्ही वेळा ते चुकीचं होतं. अ‍ॅम्प म्हणजे गाडीतल्या स्पीकरना ताकद पुरवणारा अ‍ॅम्प्लिफायर. आता गाडीतला बेस मनासारखा वाजतो, तरी ते वाक्य आठवलं की अजून डोकं तापतं.

गाडीबरोबर आलेला आठ इंची सबवूफर, म्हणजे बेसचा स्पीकर, फाटल्यासारखा वाजायला लागला होता. डिकीतलं बाजूचं पॅनेल काढून बघितलं तर कोनच्या (पुढच्या हलणाऱ्या शंकूच्या) कडेची फोमची पट्टी कुजलेली. बोट लावलं की काळी पूड हाताला यायची. सबवूफर बदलायचा हे ठरलं. कंपनीचा अ‍ॅम्प मात्र ठणठणीत होता, त्यामुळे तो बदलायचा नव्हता.

पहिली चूक माझी. नवा सबवूफर मी वॉट बघून आणला. खोक्यावरचा मोठा आकडा हा क्षणभर सोसण्याचा असतो, सतत किती वॉट झेपतात ते आरएमएसच्या आकड्यावरून कळतं, एवढं मला माहीत होतं आणि तेवढ्यावर मी खूश होते. पण वॉट म्हणजे सबवूफर किती सोसेल त्याची मर्यादा. अ‍ॅम्प त्याला प्रत्यक्षात किती देईल हे ठरतं ओहमवरून, म्हणजे सबवूफरच्या रोधावरून. मी आणलेला होता ४ ओहमचा, एका कॉईलचा. कॉईल म्हणजे कोन हलवणारं तारेचं वेटोळं. बसवला आणि आवाज जुन्यापेक्षा कमी आला.

मग जुना सबवूफर मल्टिमीटरवर मोजला. हे आधी करायला हवं होतं. मोजताना एक लक्षात ठेवा: आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवा. माझ्या मीटरवर ०.३ दिसले, तो पिनांच्या वायरींचाच रोध, तो वजा करायचा. सबवूफरच्या वायरी सोडवूनच मोजायचं, नाहीतर अ‍ॅम्पही मोजणीत येतो. वजा करून जुन्याचा आकडा आला १.७. मीटर बहुतेक वेळा छापील आकड्यापेक्षा थोडा कमीच दाखवतो, म्हणजे जुना सबवूफर २ ओहमचा. बाजारात सुटे मिळणारे बरेचसे ४ ओहमचे असतात, कंपन्या मात्र गाडीत पुष्कळदा २ ओहमचे बसवतात, आणि अ‍ॅम्प त्याच हिशोबाने बनवलेला असतो. रोध दुप्पट झाला की तोच अ‍ॅम्प जवळजवळ निम्मी पॉवर देतो. त्यात सुट्या सबवूफरचा कोन बहुतेक वेळा जड असतो, त्याला हलवायलाच जास्त पॉवर लागते. दोन्हीकडून तोटा.

दुकानदाराने बदलून द्यायचं कबूल केलं. या वेळी मी दोन कॉईलचा मागितला, प्रत्येक कॉईल ४ ओहमची. शाळेतलं गणित आठवा: दोन सारखे रोध एकसर जोडले तर बेरीज, म्हणजे ८. समांतर जोडले तर निम्मे, म्हणजे २. मला समांतर हवं होतं. काउंटरवर मी ते स्पष्ट सांगितलं आणि बिलाच्या मागे लिहूनही दिलं. पण या वेळी अट आली की बसवून त्यांच्याकडूनच घ्यायचं, नाहीतर वॉरंटी नाही. गाडी त्यांच्या ताब्यात दिली. दोन तासांनी बसून ऐकलं तर आवाज ४ ओहमवाल्यापेक्षाही कमी.

तिथे ते वाक्य पहिल्यांदा ऐकलं. ‘नवा सब मोठ्या ताकदीचा आहे, कंपनीचा अ‍ॅम्प कमी पडतोय.’ मी म्हटलं, हाच अ‍ॅम्प जुन्याला पुरत होता. तर म्हणाला, ‘नवा आहे, मोकळा व्हायला वेळ लागतो, पंधरा दिवस वाजवा.’ नव्या सबवूफरचा ताठरपणा वापराने थोडा कमी होतो हे खरं आहे, त्यामुळे मी विश्वास ठेवला. पंधरा दिवस रोज वाजवला. काही फरक नाही.

दुसऱ्या वेळी त्याने स्टिअरिओचा बेस टोकापर्यंत चढवला आणि ‘बघा, वाढला की’ म्हणाला. वाढला होता तो गढूळपणा. पुढच्या दारातले स्पीकर थरथरायला लागले होते, डिकीतून मात्र काही येत नव्हतं. मी विचारलं, जोडणी समांतरच केली आहे ना? ‘हो हो, बरोबर केली आहे.’ पॅनेल उघडून दाखवा म्हटलं तर आज गर्दी आहे, पुढच्या आठवड्यात या.

तिसऱ्या वेळी तासभर खुर्चीवर बसवून ठेवलं आणि मग त्याने दुकानातला एक मोठा अ‍ॅम्प डिकीत तात्पुरता जोडला. आवाज खरंच वाढला. ‘मी म्हणत होतो ना, अ‍ॅम्प कमी पडतोय.’ खरं सांगते, त्या क्षणी मी पैसे द्यायला तयार झाले होते. कानाला ऐकू येत होतं, मग नाही कसं म्हणायचं? पण अ‍ॅम्प इतका मोठा असेल तर चुकीच्या जोडणीवरही आवाज वाढणारच. म्हणजे त्यातून काहीच सिद्ध होत नव्हतं. मी पर्समधून मल्टिमीटर काढला आणि म्हटलं, आधी सबवूफर बाहेर काढा. आता, माझ्यासमोर.

चार स्क्रू. सबवूफर पालथा करून चटईवर ठेवला. वायरी सोडवल्या, पिना लावल्या: ७.५. वजा ०.३. म्हणजे ७.२. सबवूफर ८ ओहमवर चालत होता, अ‍ॅम्पच्या जवळजवळ चौथाई पॉवरवर. आणि डोळ्यांनीही दिसत होतं: एका कॉईलच्या प्लसपासून दुसऱ्या कॉईलच्या मायनसपर्यंत बोटभर लांबीची लाल वायर, दोन्ही टोकं नीट डाग दिलेली. एकसर जोडणी.

फिटरचं म्हणणं होतं, ‘समांतर केलं की अ‍ॅम्प जळतो, म्हणून आम्ही नेहमी असंच करतो.’ त्याची भीती अगदी निराधार नाही. अ‍ॅम्पला झेपतं त्यापेक्षा कमी ओहम लावले तर करंट वाढतो, अ‍ॅम्प तापतो, प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडतो किंवा खरंच जळतो. दोन कॉईल २-२ ओहमच्या असत्या आणि मी समांतर मागितलं असतं, तर १ ओहम झाला असता, तेव्हा त्याने मला अडवायला हवं होतं. पण हा अ‍ॅम्प पहिल्या दिवसापासून २ ओहमवर चालत आला होता. ते एकदा मोजून बघायला एक मिनिट लागलं असतं. त्याऐवजी माझा महिना गेला.

लाल वायर काढून मी स्वतः तिथेच जोडलं: दोन्ही प्लस एकत्र, दोन्ही मायनस एकत्र. पुन्हा मोजलं, वजा करून १.८. बसवून चालू केलं आणि पहिल्याच ठोक्याला मागच्या सीटची पाठ हलली. मला इतका आनंद झाला की बेस परत मधल्या आकड्यावर आणायचं भानच राहिलं नाही. तो घरी येऊन आणला.

एक गोष्ट वर सांगायची राहिली: जुन्या वायरी सोडण्यापूर्वी फोटो काढा. गाडीच्या वायरींचे रंग बघून प्लस-मायनस ओळखता येईलच असं नाही. खात्री करायची तर जुना सबवूफर जोडलेला असतानाच वायरींच्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. त्याआधी अ‍ॅम्पकडचा कनेक्टर काढून ठेवा. कोन बाहेर आला तर सेलचं प्लस ज्या वायरीला आहे ती प्लस.

सबवूफर ज्या पेटीत बसतो तिचं आकारमानही बघा. सबवूफरच्या माहितीपत्रकात किती लिटरची बंद पेटी हवी ते दिलेलं असतं. मी पेटी थर्माकोलच्या बारीक मण्यांनी भरली आणि ते लिटरच्या मापाने मोजले. १२ लिटर भरले, माझ्या सबवूफरला १० ते १५ चालत होते.

अ‍ॅम्पही बदलायचाच असेल तर त्याचा गेन (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा खटका) कानाने लावू नका. मामेभावाच्या गाडीत सबवूफर २ ओहमचा आणि अ‍ॅम्प तेवढ्या ओहमला २०० वॉटचा आहे. २०० गुणिले २, म्हणजे ४००, त्याचं वर्गमूळ २०, म्हणजे २० व्होल्ट. सबवूफरच्या वायरी काढल्या, बेस आणि ट्रेबल मधल्या शून्यावर, स्टिअरिओ तीन चतुर्थांश आवाजावर, ५० हर्ट्झचा टोन लावला आणि मीटर एसी व्होल्टवर ठेवून २० दिसेपर्यंत गेन चढवला. तिथे थांबलो. त्याच्या पुढे आवाज फाटतो आणि कॉईल तापते.

माझ्या पेटीवर आतल्या बाजूने मी कागदी टेप चिकटवली आहे. त्यावर लिहिलं आहे: दोन कॉईल, ४-४ ओहम, समांतर, मीटरवर १.८. पुढे कधी कोणी हे पॅनेल उघडलं तर त्याला कोणाला विचारायला नको.