अपडेटनंतर गेम उघडेना? आधी बघा काय काय अपडेट झालंय

"आर्च वापरतोस ना, मग भोग आता." लिनक्सवर विंडोजचे गेम खेळणाऱ्यांना ऐकवलं जाणारं हे वाक्य मला अजिबात आवडत नाही. आर्च म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, म्हणजे डिस्ट्रो. कुणाचातरी गेम रात्रीपर्यंत मस्त चालत होता, सकाळी सिस्टीम अपडेट केली आणि आता स्टीममध्ये (वाल्व्ह कंपनीचं गेम विकत घेऊन चालवायचं अ‍ॅप) प्ले दाबलं की हिरवं बटण निळं होतं, स्टॉप दिसतं, आणि दोन सेकंदांत परत हिरवं, ना एरर ना काही. त्यावर लोक सरळ सांगतात डिस्ट्रो बदल, नाहीतर विंडोज टाक. अरे पण आधी बघा तरी बिघडलंय काय.

विंडोजचा गेम लिनक्सवर चालतो तेव्हा खाली केवढी मंडळी राबत असतात बघा. प्रोटॉन म्हणजे मुळात वाइन, विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर, जे १९९३ पासून चालू आहे, त्याच्यात डायरेक्टएक्सचं (विंडोज गेमची ग्राफिक्सची भाषा) व्हल्कनमध्ये (लिनक्सवरही चालणारी तशीच भाषा) रूपांतर करणारे डीएक्सव्हीके आणि व्हीकेडीथ्रीडी (आता त्याची जागा व्हीकेडीथ्रीडी-प्रोटॉनने घेतलीय), हे सगळं वाल्व्हने ऑगस्ट २०१८ मध्ये एकत्र बांधून स्टीममध्ये दिलं. त्याच्याखाली ग्राफिक्स ड्रायव्हर, त्याच्याखाली जीलिबसी (जवळजवळ सगळे प्रोग्राम वापरतात ती मूळ लायब्ररी) आणि कर्नल (सिस्टीमचा गाभा), आणि वरच्या बाजूला स्टीम स्वतः, गेम कंपनीचा लाँचर, चीटर पकडणारं अँटी-चीट आणि मग गेम. यातलं प्रत्येकजण आपापल्या वेळापत्रकाने अपडेट होतं आणि एकाला दुसऱ्याचं काही पडलेलं नसतं. त्यामुळे "मी फक्त सिस्टीम अपडेट केली" याला काही अर्थ नाही, त्याच रात्री गेमनेही गुपचूप पाच जीबी ओढलेले असू शकतात.

सगळ्यात शिकण्यासारखं प्रकरण मला जीलिबसी २.३६ चं वाटतं, ऑगस्ट २०२२ मधलं. प्रत्येक शेअर्ड लायब्ररीत (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो कोड) कुठलं फंक्शन कुठे आहे याची एक सूची असते, पुस्तकाच्या मागे असते तशी. जुन्या पद्धतीची सूची म्हणजे डीटी हॅश, आणि २००६ पासून तिच्यापेक्षा वेगवान अशी डीटी जीएनयू हॅश आली. बरीच वर्षं जीलिबसीत दोन्ही असायच्या. २.३६ मध्ये जीलिबसीवाल्यांनी स्वतःच्या लायब्ररीतून जुनी काढून टाकली, थोडी जागा वाचते म्हणून. नेहमीच्या प्रोग्रामना फरक पडला नाही कारण त्यांच्यासाठी लोडर (प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी जोडून देणारा भाग) शोधून देतो, पण ईझी अँटी-चीट ती जुनी सूची स्वतः उघडून वाचत होतं, ती सापडेना, झालं, त्याच्यावरचे गेम धडाधड बंद. फटका पहिल्यांदा बसला तो आर्चसारख्या रोलिंग, म्हणजे सतत अपडेट होणाऱ्या, डिस्ट्रोवाल्यांना. बरं स्टीम प्रोटॉनला कंटेनरमध्ये (बाकी सिस्टीमपासून वेगळ्या डब्यात) चालवतं, मग बाहेरच्या जीलिबसीचा संबंध काय, तर ग्राफिक्स ड्रायव्हर बाहेरच्या सिस्टीमचाच वापरावा लागतो, त्यामुळे बाहेरची जीलिबसी जास्त नवी असेल तर कंटेनर तीच आत घेतो. शेवटी आर्चने आपल्या पॅकेजमध्ये जुनी सूची परत घातली आणि गेम चालू झाले.

यात चूक कुणाची यावर लोक खूप भांडले. जीलिबसीवाले म्हणणार नवी सूची सोळा वर्षं आहे, अजून किती थांबायचं. माझं मत विचाराल तर ज्या गोष्टीवर लोकांचे प्रोग्राम चालतात ती गोष्ट काढताना आधी वर्षभर ओरडून सांगायला पाहिजे. कर्नलमध्ये लिनक्सचा जनक लायनस टॉरवाल्ड्स या बाबतीत किती कडक आहे ते सगळ्यांना माहितीये, युजरस्पेस (म्हणजे कर्नलवर चालणारे प्रोग्राम) मोडायचं नाही म्हणजे नाही.

तरी कर्नलमध्येही घडतंच. कर्नलच्या ५.१९ व्हर्जनमध्ये स्प्लिट लॉक करणाऱ्या प्रोग्रामना मुद्दाम हळू करायचा बदल आला. म्हणजे असं की एखादा प्रोग्राम मेमरीच्या दोन कॅश लाइनवर (प्रोसेसर मेमरी ज्या छोट्या पट्ट्यांत वाचतो त्या) पसरलेल्या जागेवर लॉक घेतो तेव्हा सगळा प्रोसेसर अडतो, म्हणून त्याला शिक्षा. सर्व्हरवर ठीक आहे, पण गॉड ऑफ वॉर नेमकं हेच करत होता आणि इंटेलच्या नव्या प्रोसेसरवर तो अक्षरशः रांगायला लागला. मग ६.२ मध्ये ही शिक्षा बंद करायची सेटिंग दिली, स्प्लिट लॉक मिटिगेट नावाची, ती शून्य केली की झालं. उलटं उदाहरणही सांगतो, नाहीतर वाटेल मी अपडेटच्या विरोधात आहे. एका प्रोसेसला मेमरीचे किती तुकडे मॅप करता येतात याची मर्यादा डिफॉल्ट ६५,५३० होती आणि हॉगवर्ट्स लेगसी, डेझेड यांना ती पुरत नव्हती, गेम मध्येच क्रॅश. फेडोरा या डिस्ट्रोच्या ३९ व्या व्हर्जनने ती १०,४८,५७६ केली, पुढे उबंटू या डिस्ट्रोनेही वाढवली, आणि त्या गेमचे क्रॅश लोकांनी काहीही न करता थांबले.

जुनं ग्राफिक्स कार्ड असणाऱ्यांचं दुःख मात्र वेगळंच. माझ्या मावसभावाकडे एनव्हिडियाचं जीटीएक्स ७६० आहे, सेकंडहँड घेतलेलं, आणि आपल्याकडे अशी कार्डं अजून भरपूर घरांत आहेत. डीएक्सव्हीके २.० आलं नोव्हेंबर २०२२ मध्ये आणि त्याला व्हल्कन १.३ लागतं. या केप्लर पिढीच्या कार्डांना एनव्हिडियाचा शेवटचा ड्रायव्हर ४७० आणि त्यात व्हल्कन १.२ पर्यंतच. प्रोटॉन ८ ने डीएक्सव्हीके २ घेतलं, स्टीमने डिफॉल्ट प्रोटॉन पुढे सरकवलं आणि याचे सगळे गेम एका दिवसात उघडायचे बंद. तो बिचारा कार्ड गेलं समजून नवीन कार्डाचे भाव बघत बसला होता. मी फोनवर सांगितलं, गेमवर राइट क्लिक कर, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, तिथे खूण करून प्रोटॉन ७.० निवड. चालले की गेम, डायरेक्टएक्स ११ वाले सगळे.

म्हणूनच मला प्रोटॉनची सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की जुनी व्हर्जनं तिथेच ठेवलेली असतात आणि प्रत्येक गेमला वेगळी लावता येते. सिस्टीमच्या वाइनचं तसं नाही. आर्चने जून २०२५ मध्ये वाइन नव्या वॉव६४ पद्धतीवर नेलं, म्हणजे ३२ बिटचे विंडोज प्रोग्राम चालवायला लिनक्सच्या ३२ बिट लायब्ररी लागणार नाहीत. दिशा बरोबर आहे, मला पटते. पण ज्यांनी वर्षानुवर्षं जपलेले ३२ बिट प्रीफिक्स (वाइनने बनवलेला खोट्या विंडोज ड्राइव्हचा फोल्डर) होते त्यांना ते नव्याने बनवायला लागले, आणि थेट ओपनजीएल (ग्राफिक्सची आणखी एक जुनी भाषा) वापरणारे जुने ३२ बिट गेम हळू होऊ शकतात. आर्चने हे बातमी टाकून आधी सांगितलं होतं, ते वाचायची सवय ठेवा एवढंच. ३२ बिटचा विषय निघालाच आहे तर, २०१९ मध्ये उबंटूने १९.१० पासून ३२ बिट पॅकेज बंद करणार म्हणून जाहीर केलं होतं, वाल्व्हने सांगितलं मग स्टीमचा अधिकृत सपोर्ट त्याला नाही, लोकांनी आरडाओरडा केला आणि काही दिवसांत निर्णय फिरला. २०२५ मध्ये फेडोरातही तसाच प्रस्ताव आला आणि मागे घेतला गेला. लोक बोलले म्हणून झालं हे.

आता खरं दुखणं. वरचं सगळं दुरुस्त झालं कारण मागे जायला वाट होती किंवा कुणीतरी पॅच टाकू शकत होतं. ऑनलाइन गेमच्या अपडेटला ती वाट नसते. सप्टेंबर २०२४ मध्ये जीटीए ऑनलाइनला बॅटलआय हे अँटी-चीट जोडलं आणि लिनक्सवरून ऑनलाइन बंद, स्टोरी मोड तेवढा चालू. बॅटलआय प्रोटॉनवर चालतं बरं का, २०२१ पासून, फक्त गेमवाल्यांनी हो म्हणायला लागतं. मग ३१ ऑक्टोबर २०२४ ला एपेक्स लेजंड्सने लिनक्सवाल्यांना बाहेर काढलं, कारण सांगितलं की चीटर लिनक्सचा फायदा घेतात आणि स्टीम डेकवाला (वाल्व्हचं लिनक्सवर चालणारं हातातलं गेमिंग यंत्र वापरणारा) कोण नि चीटर कोण हे ओळखणं अवघड आहे. त्याच वर्षी लीग ऑफ लेजंड्सला व्हॅनगार्ड हे अँटी-चीट आलं, ते थेट विंडोजच्या कर्नलमध्ये बसतं, तर वाइनवर वर्षानुवर्षं खेळणाऱ्यांचा विषयच संपला. चीटरचा त्रास खरा आहे हे मला मान्य आहे, मीही असल्या मॅच सोडून उठलोय. पण ज्याने स्किनवर पैसे घातले, ज्याची रोजची टोळी त्या गेममध्ये जमते, त्याला एका पॅचने बाहेर काढताना त्याचे पैसे आणि वेळ याचा कुणीतरी विचार करायला हवा होता, असं मला फार वाटतं.

बाकी ठिकाणी मी काय करतो ते सांगतो. गेम उघडला नाही की पहिल्यांदा बघतो की दुसरा कुठला गेम चालतो का. सगळेच बंद म्हणजे ड्रायव्हर, कर्नल नाहीतर जीलिबसी, एकच बंद म्हणजे गेम, लाँचर किंवा प्रोटॉन. एनव्हिडिया ड्रायव्हर अपडेट करून रीस्टार्ट केलं नसेल तर आधी रीस्टार्ट, आणि स्टीम फ्लॅटपॅकचं (आपल्या लायब्ररी सोबत घेऊन येणारं पॅकेज) असेल तर फ्लॅटपॅकही अपडेट करा कारण आतला ड्रायव्हर आणि बाहेरचा ड्रायव्हर यांचे नंबर जुळावे लागतात, यात फार लोक अडकतात. मग प्रोटॉन एक व्हर्जन मागे, नाहीतर जीई-प्रोटॉन, म्हणजे प्रोटॉनची वाल्व्हबाहेर बनवलेली सुधारित आवृत्ती. तरी नाही झालं तर लाँच ऑप्शनमध्ये प्रोटॉन लॉग चालू करून होम फोल्डरमध्ये येणारी फाइल वाचायची, लांबलचक असते पण शेवटच्या पानात बहुतेक वेळा कुठली डीएलएल (विंडोजची लायब्ररी फाइल) किंवा कुठलं व्हल्कन एक्स्टेन्शन अडलं ते दिसतं. उबंटू-फेडोरात एक जुना कर्नल ठेवलेला असतोच, तो निवडून बघायचा, आणि डिस्कवर बीटीआरएफएस फाइल सिस्टीम असेल तर अपडेटच्या आधी स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टीमची त्या वेळची प्रत.

आणि प्रोटॉन पुढेमागे करायच्या आधी सेव्ह कॉपी करा, प्लीज. नव्या प्रोटॉनने अपग्रेड केलेला प्रीफिक्स जुन्यावर नेला की कधी चालतो कधी नाही, मग लोक वैतागून तो फोल्डरच उडवतात आणि क्लाउड सेव्ह नसेल तर शंभर तासांचा गेम गेला. स्टीमअ‍ॅप्समध्ये कंपॅटडेटा नावाचा फोल्डर असतो, त्यात प्रत्येक गेमचा नंबर, एल्डन रिंगचा १२४५६२०, त्याच्या आत पीएफएक्स, मग ड्राइव्ह सी, युजर्स, स्टीमयुजर, अ‍ॅपडेटा, रोमिंग, एल्डनरिंग. तिथे आकड्यांच्या नावाचा फोल्डर असतो, त्यात एसएल२ ने संपणारी फाइल दिसेल, ती उचलून दुसरीकडे ठेवा आणि मग काय ते प्रयोग करा.