पिवळा कोष, पांढरा कोष

जालन्याला २०१८ मध्ये रेशीम कोष बाजार सुरू झाला. त्याआधी आम्ही चार-पाच शेतकरी मिळून गाडी करायचो आणि माल थेट कर्नाटकात रामनगरला न्यायचो. पिवळे कोष मी पहिल्यांदा तिथेच पाहिले. आमच्या शेडमध्ये कायम पांढरेशुभ्र. मूठभर मागून घेतले.

घरी मुलगी म्हणाली, "आप्पा, कुणात धागा जास्त?" मग दोन्ही कोष गरम पाण्यात मऊ केले, सायकल उलटी ठेवली, चाकाचा घेर टेपने मोजला आणि एकेक धागा चाकावर गुंडाळत बसलो. दोनदा तुटला, पुन्हा टोक शोधलं. पिवळा सातशे मीटरच्या आसपास संपला. पांढरा हजाराच्या पुढे गेला.

पाला दोघांनीही तुतीचाच खाल्लेला. पाल्याचा कस, शेडमधली हवा यांनी फरक पडतोच, पण किडा जास्तीत जास्त किती धागा देऊ शकेल हे बियाण्यात, म्हणजे अंड्यांच्या वाणात ठरलेलं असतं. त्या पिवळ्याची आई प्युअर मैसूर वाणाची: उन्हाला, रोगाला चिवट, पण कोष लहान. बाप सीएसआर-२ वाणाचा, पांढऱ्या कोषाचा. तरी पिल्लांचे कोष पिवळेच, कारण आईकडचा तो रंग प्रभावी. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम किड्यांनाही लागू पडतात हे जपानच्या तोयामा कामेतारो यांनी १९०६ मध्ये रेशीमकिड्यांचेच संकर करून दाखवलं होतं.

बळकटीची गोष्ट आणखी खोल आहे. धाग्याचं मुख्य प्रथिन फायब्रोइन. जनुकातल्या सूचनेप्रमाणे त्यात ग्लायसीन, अॅलानिन, सेरीन या अमिनो आम्लांचा तोच तो क्रम पुन्हा पुन्हा येतो, त्यामुळे प्रथिनाचे पदर एकमेकांवर घट्ट बसतात. गडचिरोलीच्या ऐन-अर्जुनावरच्या टसर किड्यात हाच क्रम वेगळा, अॅलानिनच्या लांब माळांचा. म्हणून टसरचा धागा जाडसर आणि जास्त ताणला जाणारा.

शेजारचे भाऊ दर बॅचला म्हणतात, चांगले कोष ठेवून घरचंच बी करू. मी नाही म्हणतो. आपले एफसी-१ × एफसी-२ हे चार सीएसआर वाणांचा दुहेरी संकर. त्यांची पुढची पिढी एकसारखी येत नाही: एक कोष भरदार, दुसरा पातळ, धागा कुठे जाड कुठे बारीक. शिवाय मादी पतंग सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याशिवाय पेब्रिन हा रोग कळत नाही, आणि तो आईकडून अंड्यात उतरतो. अंडीपुंज मी केंद्रातूनच आणतो.