बरोबरीत सुटलेला डाव

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर नौपाड्यातल्या घरी मोबाइलवर बुद्धिबळाचा एक जुना डाव पुन्हा लावला. २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बाटुमी येथे, महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हम्पी आणि नागपूरची दिव्या देशमुख यांच्यात झालेला हा पहिला रॅपिड डाव. क्लासिकलचे, म्हणजे दीर्घ वेळेचे, दोन्ही डाव अनिर्णित राहिल्यामुळे निकाल रॅपिडवर आला होता : प्रत्येकीला १५ मिनिटे आणि दर खेळीमागे १० सेकंदांची भर. हाही डाव बरोबरीत सुटला. पुढचा डाव दिव्याने जिंकला, विजेतेपदाबरोबर तिला ग्रँडमास्टर किताबही मिळाला, आणि साहजिकच लोकांच्या लक्षात राहिला तो दुसरा डाव. माझी खोड अशी, की मला पहिलाच पाहावासा वाटतो.

बरोबरीला आमच्या घरात कधीच मान नव्हता. वडील आणि शेजारचे काका चाळीच्या गॅलरीत पट मांडून बसत, आणि दिवेलागणीला आजी आतून विचारी, "कोण जिंकलं?" "कोणीच नाही," असे वडील म्हणाले, की तिचा पुढचा प्रश्न ठरलेला असे : "मग एवढा वेळ केलंत काय?" मला मात्र त्याआधीची दहा मिनिटे दिसत असत. पटावर दोन राजे आणि वडिलांचे एकच प्यादे उरलेले. काकांचा राजा त्या प्याद्याची वाट अडवून एक घर मागे, पुन्हा एक घर पुढे होत असलेला. आणि हात लावला की खेळावेच लागते म्हणून वडिलांचे बोट प्याद्याच्या डोक्यावर, स्पर्श न करता, थबकलेले.

अशीच एक बरोबरी २०१६ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत न्यूयॉर्कला झाली. रॅपिडच्या दुसऱ्या डावात जगज्जेत्या मॅग्नस कार्लसनसमोर त्याचा आव्हानवीर सर्गेई कार्याकिन हरल्यातच जमा होता. तरीही घड्याळात जेमतेम काही सेकंद उरलेले असताना चिवटपणे एकेक खेळी करत त्याने स्टेलमेटच्या आधाराने, म्हणजे राजाला शह नसताना एकही वैध खेळी न उरल्यास डाव बरोबरीत सुटतो या नियमाच्या जोरावर, डाव वाचवला. पुढचे दोन्ही डाव कार्लसनने जिंकले आणि आपल्या २६ व्या वाढदिवशी विजेतेपद राखले. व्यवहाराच्या हिशेबाने कार्याकिनचा बरोबरीचा तो अर्धा गुण वायाच गेला. तरीही तो डाव मी अधूनमधून लावतो. पत्नीच्या मते हा वेळेचा अपव्यय आहे, आणि या बाबतीत मी तिच्याशी वाद घालत नाही.