आमची वाटचाल: वरातीच्या बॉक्सवर हाउस

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात साउंड भाड्याने देणं हा आमचा मूळ धंदा. हळद, वरात, गॅदरिंग, गणपती. हाउस म्युझिकच्या ऑर्डरी त्यावर पुढे चढल्या. स्पीकरचे बॉक्स तेच, अ‍ॅम्प तेच. जुळणी मात्र सगळी बदलावी लागली.

हाउस म्हणजे यंत्रांवर बनवलेलं नाचाचं संगीत, अमेरिकेतल्या शिकागोचं. तिथला 'वेअरहाउस' क्लब १९७७ साली सुरू झाला, डीजे फ्रँकी नकल्स तिथे वाजवायचे. गती मिनिटाला १२० ते १३० ठोके, चारही मात्रांवर किक (ड्रमचा जाड ठोका), दुसऱ्या-चौथीवर क्लॅप (टाळी), दोन किकच्या मधोमध हाय-हॅट (झांजेचा आवाज). बेस वाजवणाऱ्या ज्या रोलंड टीबी-३०३ यंत्रातून १९८७ मध्ये शिकागोत अ‍ॅसिड हाउस हा हाउसचा प्रकार निघाला, त्याच यंत्रावर मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच राग वाजवून ठेवले होते. हे इकडे फार कुणाला ठाऊक नाही.

फिल्मी गाण्यात बेस येतो-जातो. इथे १२४ च्या गतीला दर अर्ध्या सेकंदाला किक, तीही तीन-तीन तास. सबच्या (खालचा बेस वाजवणाऱ्या बॉक्सच्या) आतल्या कॉइलला थंड व्हायला उसंतच नाही; जळका वास येईतो उशीर झालेला असतो. म्हणून अ‍ॅम्पवर लिमिटर, म्हणजे आवाज ठरलेल्या हद्दीपुढे जाऊ न देणारी सोय, लावूनच सुरुवात. मिक्सरचा लाल दिवा पेटू द्यायचा नाही. आवाज कमी पडला तर मास्टर नाही, बॉक्स वाढवायचा.

दोनाचे चार सब झाले, तरी ठोका पोचेना. कारण मांडणी. स्टेजच्या दोन्ही बाजूंना सब ठेवले की मधे दणका आणि कडेला पोकळी. ६० हर्ट्झची लाट पावणेसहा मीटरची. ऐकणाऱ्यापासून दोन्हीकडच्या सबच्या अंतरात तिच्या निम्म्याचा, म्हणजे तीनेक मीटरचा फरक पडला की ठोका मरतो. आता चारही सब एकत्र, जमिनीवर. एखाद्याची तार उलटी जोडली असेल तर तो शेजाऱ्याचा बेस खातो. नऊ व्होल्टची बॅटरी क्षणभर टेकवून बघायचं: प्लसला प्लस लावल्यावर स्पीकरचा कोन (पडदा) बाहेर यायला हवा.

मंडपातले बल्ब किकबरोबर मिचमिचायला लागले की समजायचं, वायर बारीक आहे. वायर लांबवर ओढायची तर चार स्क्वेअर एमएमची, आणि लाइटिंगची लाइन वेगळी.

वाजवण्यातल्या चुका ठरलेल्या. पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला नसेल तर जुना प्लेअर तो उघडतच नाही. दोन ट्रॅकच्या किक एकावर एक पडल्या तर बेस गढूळ होतो. ३२ ठोक्यांचा टप्पा संपताना एकाचा लो (बेस) काढून त्याच क्षणी दुसऱ्याचा द्यायचा. फर्माइशीचं मराठी गाणं बहुधा शंभरच्या आसपास. ते १२४ ला ओढणं म्हणजे २४ टक्के पळवणं, गळ्याची पिपाणी होते. शिवाय जुन्या रेकॉर्डिंगची लय मधेच सरकते. त्यापेक्षा हलगीचा आठ मात्रांचा तुकडा लूप करून किकवर बसवला तर पब्लिक जागा सोडत नाही.

उघड्यावर दहाला बंद. म्हणून सातला ११८ वर सुरू, साडेनऊपर्यंत १२६. नंतर केबल गुंडाळायच्या त्या कोपराला वेटाळून नाही, एक वेढा सुलटा, एक उलटा. नाहीतर आतली तार पिळून तुटते आणि पुढच्या ऑर्डरीला एक बाजू मुकी.