क्रॉइकची काच आणि आमचं बेथेल

स्कॉटलंडच्या उत्तरेकडे आर्डगे गावापासून क्रॉइकपर्यंत एकेरी रस्ता आहे. समोरून गाडी आली की एकानं कडेला थांबायचं. दोन्हीकडे डोंगर, खाली नदी, जिथं तिथं मेंढ्या, आणि माणूस मात्र दिसत नाही. रस्ता संपतो तिथं झाडीत एक छोटं देऊळ आहे. आम्ही जालन्याची ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो, इन्व्हर्नेसला इतकी वर्षं राहूनही माझी ती सवय गेलेली नाही.

हायलँड्समध्ये, म्हणजे या डोंगराळ भागात, आणि बेटांवर चर्च बांधायला ब्रिटिश पार्लमेंटनं १८२३ मध्ये पैसा मंजूर केला होता. काम थॉमस टेलफर्ड या इंजिनिअरकडे होतं. नकाशा साधा, आणि चर्च व पाळकाचं, म्हणजे धर्मगुरूचं, घर मिळून खर्च १,५०० पौंडांच्या आत. अशी ३२ चर्च उभी राहिली. क्रॉइकचं १८२७ चं.

मी गेले होते ते तिथली खिडकी बघायला. मे १८४५ मध्ये शेजारच्या ग्लेनकॅल्वी खोऱ्यातल्या कुळांना मेंढ्यांच्या कुरणासाठी हुसकावून लावलं. १८ कुटुंबं, सुमारे ८० माणसं, तान्ह्या लेकरांसकट. ती या चर्चच्या आवारात, कबरींच्या मध्ये कापडाचा आडोसा करून राहिली. देवाच्या घरात संसार मांडायला त्यांचं मन धजेना, म्हणून आत गेली नाहीत. जाण्याआधी त्यांनी खिडकीच्या काचांवर बाहेरून कोरून ठेवलं: ग्लेनकॅल्वीचे लोक, दुष्ट पिढी. हे त्यांनी स्वतःबद्दल लिहिलं! आपल्याच पापाची ही शिक्षा, असं त्यांना वाटलं असणार.

अक्षरं बारीक आहेत, पण अजून वाचता येतात. मी रडले. तुझ्याच कर्माचं फळ, हे आमच्या पणजीच्या आईलाही लोकांनी ऐकवलेलं होतं.

ग्लेनकॅल्वीच्या दोनच वर्षं आधीची गोष्ट. गावचा पाळक जमीनदारानं ठरवायचा की चर्चच्या मंडळीनं, या वादातून १८ मे १८४३ रोजी एडिनबरात साडेचारशेच्या आसपास पाळक चर्च ऑफ स्कॉटलंडमधून बाहेर पडले. पगार, घर, देऊळ, सगळं सोडलं आणि फ्री चर्च काढलं. कित्येक जमीनदारांनी त्यांना बांधायला जागाच दिली नाही. स्ट्रॉन्शियनच्या लोकांनी मग क्लाइड नदीवर एक लोखंडी तरंगतं चर्च बांधून घेतलं आणि १८४६ मध्ये ते समुद्राच्या खाडीत नांगरलं. शंभर माणसं आत आली की ते एक इंच बुडायचं, असं सांगतात.

आणि त्याच १८४३ साली तिकडे मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणानं बाप्तिस्मा घेतला. मुंबईतले स्कॉटिश मिशनरी फूट पडल्यावर फ्री चर्चकडे गेले, त्यांच्याबरोबर नारायणरावही. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत कोर्टाच्या निकालानं वडिलांकडे परत गेला, आणि त्याला जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले, हे अनेकांनी वाचलेलं असतं. थोरल्या भावाचं नाव मात्र जालन्याबाहेर फार कुणी घेत नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. १८६० च्या दशकात ते जालन्यात आले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि तिच्यावर बेथेल हे गाव वसवलं. राहायला आली ती बहुतेक मांग समाजातली, गावकुसाबाहेर ठेवलेली कुटुंबं. आमचं त्यांतलंच एक.

ज्या चर्चला स्वतःच्या देशात खडकाळ तुकडासुद्धा मिळत नव्हता, त्याच्या एका मराठी पाळकानं आमच्या माणसांना जमीन मिळवून दिली! क्रॉइकच्या आवारात उभी असताना माझ्या डोक्यात हेच घोळत होतं.

इथं फ्री चर्चच्या गेलिक, म्हणजे हायलँड्सच्या जुन्या भाषेतल्या, उपासनेत एक जण स्तोत्राची ओळ उचलतो आणि बाकीचे मागून धरतात. वाद्य नसतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, पेटी-तबला बाजूला ठेवला तर हे आपलं भजनच आहे. पण गाणारी माणसं पिकली आहेत. १९०० आणि १९२९ मध्ये वेगवेगळ्या चर्चसंस्था एकत्र आल्या, त्यानंतर एकेका गावात दोन-दोन चर्च उरली होती. आता त्यांवर विक्रीच्या पाट्या लागतात, काहींची घरं झाली आहेत. बेथेलला नाताळात उभं राहायला जागा नसते. म्हणून तिकडच्या भावंडांना माझी विनवणी आहे, जुन्या माणसांकडून ऐकून ठेवा, फोनवर रेकॉर्ड करा.

आजी देवळापेक्षा विहिरीचंच जास्त सांगायची. "माझ्या सासूनं पहिल्यांदा आपल्या हातानं पोहरा सोडला, अन् कुणी 'सरक' म्हणलं नाही बग."

संध्याकाळी मावशीला काचेचा फोटो पाठवला, फोनवर सगळं वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अन् त्या लेकरायला मग जागा कुणी दिली गं?"