भाऊचा धक्का १:७२ : पाणी तिसऱ्यांदा फसलं, आता ओहोटी

मंडळी, मुंबईच्या भाऊच्या धक्क्याचं, म्हणजे लाँचच्या बंदराचं, ७२ पट लहान मॉडेल करतोय, आणि मागच्या वेळी मी छातीठोकपणे सांगितलं होतं की गणपतीच्या आत त्यातलं पाणी (म्हणजे पारदर्शक एपॉक्सी रेझिन) ओतून मोकळा होतो. ओतलं. रविवारी रात्री अकराला ओतलं, सकाळी वरचं खोकं उचललं तर अख्खं बंदर पियुषासारखं पांढरट. हात फिरवला तर मेणचट. एका कोपऱ्यात तडा, खाली थर्माकोल वितळून भोक, आणि त्यातून गळलेलं रेझिन टेबलावरून थेट बायकोच्या शिलाई मशीनच्या कव्हरवर. त्या विषयावर जास्त बोलत नाही.

पहिल्यांदा रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर वजनानं घ्यायचं ते मापानं घेतलं म्हणून चिकटच राहिलं, दुसऱ्यांदा टेपचा बांध फुटला, ते तुम्हाला माहितीच आहे. या वेळी वजन दशांश ग्रॅमपर्यंत अचूक होतं (तो छोटा डिजिटल काटा घ्याच, या छंदात माझे सगळ्यात सत्कारणी लागलेले पैसे), बांध एम-सीलनं पक्का केलेला. मग घोळ कुठे झाला तर हवेत. हवेतला ओलावा मोजणारं हायग्रोमीटर ८८ टक्के दाखवत होतं आणि मी ते बघून सुद्धा ओतलं. एपॉक्सीच्या हार्डनरमधलं अमाईन हे रसायन हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड धरतं आणि वर मेणासारखा थर येतो, तोच तो ब्लश. कोमट साबणाच्या पाण्यानं पुसल्यावर तो निघाला, अर्धा तास मी खुश, पण आतला दुधाळपणा काही जाईना. तडा मात्र माझ्या घाईचा. डब्यावर एका वेळी ६ मिमी लिहिलंय आणि मी २ सेंमी एका दमात ओतलं, घट्ट होताना रेझिन तापतं, थर जाड असला की आतली उष्णता बाहेर पडत नाही, मग थर्माकोल बिचारा काय करणार. हार्डनर पण उघडला तेव्हाच पिवळा होता, दुकानाचं नाव घेत नाही, पण तारखेवर दुसरं स्टिकर दिसलं की डबा परत ठेवा एवढंच सांगतो.

एसी ड्राय मोडवर लावून चौथ्यांदा ओतायची तयारी चाललेली, तेवढ्यात वास आला म्हणून खालचे काका वर आले. धक्क्यावरून उरणजवळच्या मोरा बंदराला जाणाऱ्या लाँचवर तांडेल (लाँच चालवणारे) होते. बघितलं आणि म्हणाले, "अरे, धक्क्याचं पाणी आरपार दिसलंय का तुला कधी? हात घातलास तर कोपर दिसत नाय."

मी गप्प. दोन महिने मी परदेशी व्हिडिओ बघून निळं काचेसारखं पाणी करायला निघालोय आणि आपल्या बंदरात पाण्याचा रंग म्हणजे चहात शेवाळ. खोली दाखवायचीच नाही तर रेझिन कशाला? श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणावर ट्रायल घेतली: खाली मातकट हिरवा रंग, वर फेविकॉलमध्ये भिजवलेला टिश्यू चुरगाळून लाटा, परत रंग, मग ग्लॉस जेलचे (वाळल्यावर चकचकीत पारदर्शक होणारं जेल) पातळ तीन हात. पंख्याखाली दोन दिवस लागले, पण काय दिसतंय म्हणून सांगू! काकांनी झाकण तिरकं धरून बघितलं आणि "हां" म्हणाले. त्यांचा हां म्हणजे भारतरत्न.

आणि मग डोक्यात आलं की पाणी दाखवायचंच नसेल तर भिंत दाखवूया. मुंबईत मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक ५ मीटरच्या आसपास जातो, १:७२ ला जवळजवळ ७ सेंमी. भरतीला ती सगळी भिंत बुडालेली असते. माझा रव्याचा प्रयोग आठवतोय ना, फेविकॉलवर बारीक रवा भुरभुरून राखाडी मारला की हुबेहूब दगडाला चिकटलेले शिंपले? तो आतापर्यंत १ सेंमीच्या पट्टीत कोंबला होता. आता ७ सेंमी! खाली शेवाळ, वर रवा, त्यावर कोरडा काळा दगड. (हो, दगड ससून डॉकच्या १८७५ च्या बांधकामाच्या फोटोंवरून घेतलाय, धक्क्याचा नाही, शिव्या घाला. आणि ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी, भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य यांचा मूळ धक्का वेगळ्या जागी होता, मी करतोय तो आताचा, साल १९७५, त्यामुळे मांडव्याची रो-रो (गाड्या नेणारी बोट) शोधू नका, ती २०२० ची.)

लिहितानाच अजून एक सुचलं, लायटिंगचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे काकांचं गणित. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा, ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी म्हणजे संध्याकाळी साडेपाच. पण माझी भिंत पूर्वेकडं तोंड करून आहे, संध्याकाळी तिच्यावर सावली, सगळा रवा वाया. मग दोन दिवस पुढे जाऊ: वद्य द्वितीया, पाऊणपट दीड, ओहोटी सकाळी पावणेआठच्या सुमारास. उधाण अजून उतरलेलं नाही आणि ऊन समोरून तिरपं. झालं, सीन ठरला. पिवळा एलईडी उजवीकडून, खाली, एकच.

आता पंचाईत अशी की पाणी खाली न्यायला जागा नाही, खाली ते फसलेलं रेझिन आहे. ते खरवडणार नाहीये, त्यावरच रंग मारून तोच समुद्र धरायचा आणि धक्का ७ सेंमी वर उचलायचा. म्हणजे पायऱ्या आल्या. २० सेंमीची एक धरली तर ५ मीटरला २५, मी केल्यात ९. उरलेल्या १६ प्रत्येकी २.८ मिमी, खालच्या सगळ्या बुळबुळीत. चढणारी माणसं पण हवीत, एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातानं पोर धरलेली बाई तर हवीच. लाँचचं छप्पर आता धक्क्याच्या खाली जाईल, मग फळी टाकून उतरणारी माणसं कुठून दाखवू हे अजून कळत नाहीये, बहुतेक लाँच पायऱ्यांकडं सरकवावी लागेल. टायर तरी तयार आहेत, प्लंबरकडच्या ८ मिमी ओ-रिंगा, डझनभर, तिसाव्या मिनिटाला रंगवून झाल्या.

काचेची पेटी मात्र आधीच करून घेतलीय, ३२ सेंमी उंच. आज मापलं तर दिव्याचा खांब ३३ ला जातोय.